मोरीवरची केळ

आमच्या मोरीवर जी केळ होती ती माझ्या वडिलांनी लावलेली होती. आमच्या मळेकऱ्यांत तेव्हा रीत होती, मुलीच्या लग्नात बाप आपल्या मळ्यातला एक मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिलू, कंदासकट काढून तिच्याबरोबर देई. सासरी न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या मोरीवर तो लावायचा. मुलगी रोज अंघोळ करणार, भांडी घासणार, आणि त्या पाण्यावर माहेरची केळ वाढणार. केळ एकदा घड देऊन मरते, पण मरण्याआधी बुडाशी पिलं सोडते, म्हणून एकदा लावलेली केळ संपत नाही. आमच्या वस्तीत सात घरं होती आणि सात मोऱ्यांवर सात गावांच्या केळी होत्या. कोणाची कुठून आली ते बायकांना पाठ होतं. भांडण झालं तर एकमेकींना नावं ठेवताना केळीलाही ठेवत. "तुझ्या गावची केळ तुझ्यासारखीच, नुसती पानं, घड कुठे?" असं.

माझं माहेर फोपनारचं. सासर तिथून पुष्कळ आत, खकनारच्या बाजूला, जिथे शेतं संपतात आणि डोंगराचं गवत सुरू होतं. लग्नानंतर मला पोचवायला वडील आले तेव्हा बैलगाडीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मुनवा त्यांनी पायाशी धरून आणला होता. कंद मातीसकट मोठ्या कांद्यासारखा दिसतो. सासरचं कोणी तरी म्हणालं, "व्याहीबुवा, एवढ्या लांबून एकच कांदा आणला?" सगळे हसले. वडीलही हसले, पण खड्डा त्यांनी दुसऱ्या कोणाला खणू दिला नाही. स्वतः धोतर खोचून खणला, मुनवा ठेवला, पायानं माती दाबली. मुलीच्या घरचं पाणीही बाप पीत नाही, म्हणून ते काही न खातापिता निघाले. जाताना मोरीवर हात धुतले. त्या केळीला पहिलं पाणी ते मिळालं.

ती जुनी देशी केळ होती. उंच वाढायची, वाऱ्यानं वाकायची, घड लहान. त्याच वर्षांत सगळीकडे बसराई लागत होती. ती बुटकी आणि घड जमिनीला टेकेल एवढा. माझे वडील वारले तसं भावांनी त्यांचा सगळा मळा काढून बसराई लावली. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही, सगळ्यांनीच तसं केलं. वर्षश्राद्धाला मी गेले तर माहेरच्या मळ्याच्या एका टोकाला उभं राहून दुसरं टोक दिसत होतं. पूर्वी कधी दिसलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वडिलांची केळ आता फक्त माझ्या मोरीवर आहे.

मी लहानपणापासून अबोल. चौथीपर्यंत शाळेत गेले, वाचायला लिहायला मला चांगलं येई, पण गुरुजींनी उभं करून विचारलं की पाटीवर लिहून दाखवायची. सासरी माझ्या अबोलपणाचं कौतुकच झालं. तिथे सुनेनं सासऱ्याच्या वयाच्या माणसांसमोर तोंड उघडायचं नसे. सासूबाई होत्या तोवर त्या माझं बोलणं पुढे नेत. त्या गेल्यावर घरात आम्ही दोघंच. बाहेरून कोणी वडीलधारं माणूस ओट्यावर येऊन काही विचारी, 'तो घरी आहे का', 'बैल नेऊ का', 'उद्या पाण्याची पाळी आम्ही घेऊ का'. आत दाराआड मी असे. उत्तर नाही असं असलं की मी दाराची कडी वाजवायची. हो असलं की काहीच करायचं नाही. आमच्या वस्तीत सगळ्याच सुनांचं असं होतं. कडी वाजली तर नाही, गप्प तर हो. मला ते फार सोयीचं वाटायचं. कडी वाजवण्यात माझा हात कधी मागे पडला नाही. दारामागे मी चांगली ठाम होते.

आमच्या भागाची नागपूरची राजधानी जाऊन भोपाळची झाली, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. चैत्र होता. चैत्रात मोह गळतो, आणि फुलं नीट दिसावीत म्हणून वेचणारे लोक झाडाखालचा पाला पेटवतात. दरवर्षी डोंगरावर अशा आगी लागत आणि आपोआप विझत. आम्हाला त्यांची भीती वाटत नसे. त्या दिवशी दुपारी वारा फिरला. मी घरात ज्वारी चाळत होते. आधी वास आला, मग तडतड ऐकू आली, आणि मला वाटलं शेजारी कोणी तुरीच्या काड्या जाळतंय. बाहेर येऊन बघते तर डोंगराचं सगळं गवत पेटून खाली येत होतं. आमचं घर वस्तीत सगळ्यात वरचं. मागे सरपणाला रचलेली कपाशीची पऱ्हाटी होती, ती पेटली, तिच्यावरून छपरानं घेतलं. भिंती कुडाच्या आणि वर गवत. मी घरातून एकच वस्तू बाहेर आणली, ती हातातली चाळणी. पेटीत आईची नथ होती, देव होते, चार चांगली लुगडी होती. मी चाळणी घेऊन बाहेर उभी राहिले.

हे मळ्यातून धावत आले ते आधी बैलांकडे गेले. तोवर घराचं आढं खाली आलं. आग आमच्या मळ्यात शिरली. हिरवी केळ जळत नाही असं लोक म्हणतात, पण खोडाला लोंबणारी वाळकी पानं आणि दोन ओळींमधला पालापाचोळा बारुदासारखा पेटतो. सातही घरांची माणसं धावून आली. त्यांत आप्पा सगळ्यांत मोठे. नात्यानं आमचे कोणी नव्हते, पण सासूसासरे गेल्यापासून मला ते सासऱ्याच्या ठिकाणी. आप्पा ओरडले, "मधे पट्टा पाडा! इथून तोडा, नाहीतर खालचे सगळे जातील." पण कोयता कोणी उचलेना. मळा आमचा, झाडांवर घड होते. मग ह्यांनीच पहिला घाव घातला. त्यानंतर सगळ्यांनी तोडलं. केळीची खोडं पाण्यानं भरलेली असतात, ती आडवी रचून त्यांनी आग तिथे थांबवली. आमचा मळा वरून जळून गेला, खालून कापून गेला. खालचे सहा मळे वाचले.

ते सहा मळेवाले हे विसरले नाहीत. पुढे जे झालं त्याला तेच कारण आहे, म्हणून लिहिते.

आम्ही आप्पांकडे राहिलो. मी आतल्या पडवीत काकू आणि त्यांच्या सुनांबरोबर झोपे, हे खळ्यावर बैलांपाशी. काकू म्हणजे आप्पांची बायको. जिभेनं तिखट, पण हात सैल. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घरातून काही ना काही येऊ लागलं. कोणी तवा आणला, कोणी घोंगडी, कोणी दोन पायली ज्वारी. काकूंनी स्वतःचं एक लुगडं दिलं, दोन हिरव्या बांगड्या हातात चढवल्या, आणि माझी चाळणी खुंटीला टांगत म्हणाल्या, "व माय, सोनं सोडून चाळणी आणली! आता बस चाळत, राखेतून काय निघतं ते बघ." सगळ्या हसल्या, मीही हसले. आग लागल्यापासून पहिल्यांदाच मला रडू फुटलं ते हसताना.

पटवारी पंचनाम्याला आला. नवीन होता, हिंदी बोलणारा. आधीचे अर्ज मराठीत असत, याच्याजवळचे कागद हिंदीत होते. त्यानं ह्यांना विचारलं, "मकान कच्चा था कि पक्का?"

हे म्हणाले, "था ना साहेब, कच्चाच था."

"घर के पास कोई पेड़?"

ह्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "नाही. मळ्यातलीच झाडं होती."

मी मागे उभी होते. मोरीवर एक केळ होती, असं मनात म्हटलं. पटवारी गेल्यावर कोणी तरी विचारलं की हा अर्ज आता नागपूरला जाणार की भोपाळला. आप्पा म्हणाले, "कुठे का जाईना. आपण जागचे हललो नाही, राज्यच उठून दुसरीकडे गेलं. आता त्याला आपलं घर सापडलं पाहिजे." अर्जाचं पुढे काही कळलं नाही.

ह्यांचं बोलणं त्या दिवसांत बंद झालं होतं. जेवताना खाली बघून जेवत आणि उठून जात. पहिला घाव स्वतः घातला होता ना, तो त्यांच्या मनातून जात नव्हता. आम्हाला दोघांना एकत्र बसायला जागाही नव्हती. पडवीत बायका, खळ्यावर पुरुष. मी रोज सकाळी पाण्याला जाते म्हणून निघे आणि आमच्या जळक्या जागेवर जाऊन येई. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. रांजण फुटून दोन तुकडे झाले होते, जात्याला तडा गेला होता. मोरीवरची केळ जळून काळा बुंधा उरला होता, गुडघ्याएवढा, वरून पिळल्यासारखा.

आठवा दिवस असेल. मी त्या बुंध्याजवळ वाकले तर राखेतून बोटभर सुरळी वर आली होती. केळीचं नवं पान गुंडाळलेलं येतं, त्याला आम्ही सुरळी म्हणतो. पांढरट हिरवी, टोक जरा करपलेलं. इतकी वर्षं न्हाणीचं पाणी मुरून तिथली माती ओली होती, म्हणून कंद वाचला होता. मी तिथेच मांडी घालून बसले. घागरीतलं सगळं पाणी तिला घातलं आणि पुन्हा भरायला गेले.

दुसऱ्या दिवशी ती चार बोटं झाली होती. पण आप्पांच्या कोंबड्या राखेत उकरायला येत, आणि ऊन तर असं की उघड्या जमिनीवर पाय ठेववत नव्हता. मी फुटक्या रांजणाचं मोठं खापर उचलून तिच्यावर पालथं आडोशाला घातलं, एका बाजूनं हवा लागेल असं. वरून बघणाऱ्याला नुसतं खापर दिसे. रोज सकाळी खापर उचलायचं, बघायचं, पाणी घालायचं, पुन्हा झाकायचं. 

मी हे कोणाला सांगितलं नाही. ह्यांना सांगायचं रोज मनात येई, पण चार माणसांत कसं सांगणार? आणि खरं लिहायचं तर मला सांगायचंही नव्हतं. अंगावरचं लुगडं काकूंचं, ताट दुसऱ्याचं, झोपायची जागा दुसऱ्याची. जे जे हातात येत होतं त्यासाठी मान खाली घालावी लागत होती. ही सुरळी तेवढी माझी होती. तिच्यासमोर मी मान वर करून बसे, तिच्याशी बोलतही असे. वडिलांशी मी आयुष्यात एवढं बोलले नव्हते.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आमची जागा साफ करून द्यायची असं सातही घरांनी ठरवलं. आमच्यात त्याला सावड म्हणत. एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचं, मजुरी नाही, नुसतं जेवण. जळक्या केळीचे कंद जमिनीत राहिले तर कुजतात, त्यांना कीड लागते आणि ती शेजारच्या मळ्यांत जाते. म्हणून ते सगळे खणून काढायचे, गाडीत भरून नाल्यात टाकायचे. मग मृगात प्रत्येकानं आपल्या मळ्यातले मुनवे आम्हाला द्यायचे. सगळं ठरलं तेव्हा काकूंनी मला येऊन सांगितलं. मी मान डोलावली. मोरीवरची केळ मळ्यात धरत नाहीत, ती घराची, बायकांची. तिला कोणी हात लावील असं माझ्या मनातही आलं नाही.

सावडीच्या दिवशी हे पहाटेच बुऱ्हाणपूरला गेले. शनवारा वेशीजवळ कोणी ओळखीचे होते, ते जुने बांबू आणि कवेलू, म्हणजे छपराची कौलं, देणार होते. काकू आणि बाकीच्या बायका घरी वरण-बट्टीच्या तयारीला लागल्या. काम आमचं, म्हणून पाणी द्यायला मी गेले. पदर नाकापर्यंत ओढलेला, कमरेवर कळशी. पंधरा-सोळा पुरुष कुदळी घेऊन लागले होते. माझ्याबरोबर एक बाई असती, एक लहान पोर असतं, तर त्यांच्या तोंडून मी बोलले असते. कोणी नव्हतं.

दुपारच्या सुमारास आप्पा त्यांच्या मळ्यातून आले. खांद्यावर ओल्या गोणपाटात मुनवा. काय मुनवा होता तो! तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं, बुंधा मांडीएवढा. माणसं काम थांबवून बघू लागली.

एक जण म्हणाला, "आप्पा, हा तर त्या बांधाकडचा. पाटलानं मागितला होता, त्याला नाही दिलात."

आप्पा म्हणाले, "पाटलाचं घर कुठे जळलं? जळू दे, त्यालाही देईन."

हशा झाला. आप्पा हसत हसत सरळ मोरीपाशी आले आणि मुनवा खाली ठेवला. मग माझ्याकडे वळले. मळ्यातले कंद त्यांनी कोणाला न विचारता काढले होते. एवढ्या एकाच केळीचं त्यांनी मला विचारलं.

"सूनबाई, ही तुझ्या माहेरची ना? जळून गेली बिचारी. मी म्हणतो, ही काढतो आणि माझ्या मळ्यातली लावतो. मळ्यातले मृगात लावू, इथे रोज पाणी पडतं, आजच लागेल. बापाच्या जागी मी समज. काढू का?"

आणि ते थांबले. घाई केली नाही. चांगले थांबले. डोक्यावरचं मुंडासं काढून त्यांनी तोंड पुसलं, पुन्हा बांधलं.

माझा उजवा हात आपोआप बाजूला गेला, कडीसाठी. तिथे दार नव्हतं. चौकट नव्हती, भिंतही नव्हती. उघड्या उन्हात मी उभी होते आणि सोळा पुरुष माझ्याकडे न बघायचं म्हणून कुदळींकडे बघत होते. मला बोलायचं होतं. 'नको' एवढंच, दोन अक्षरं. मी ती तोंडात तयार करून ठेवली होती, पण तोंड उघडेना. बांगड्या हलवल्या, दोनच होत्या, वाजल्या नाहीत. कळशी खाली टाकली असती तरी चाललं असतं. पुढे होऊन खापरावर पाय ठेवून उभी राहिले असते तरी कळलं असतं. हे मला नंतर सुचलं. तेव्हापासून सुचतच आलं आहे.

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांच्या लेखी मी हो म्हटलं होतं.

त्यांनी पायानं खापर बाजूला सारलं आणि त्याच दमात कुदळ मारली. सुरळी त्यांना दिसलीच नसेल. पहिल्या घावात ती मातीत गेली. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला कंद फुटून वर आला, आतून पांढराशुभ्र, पाणी सुटलेला. आप्पांनी तुकडा हातात घेऊन पाहिला. ते जुने मळेकरी, त्यांना कळलं. म्हणाले, "जीव होता अजून. केळीचा कंद मरत नाही लवकर." मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "पण जळक्याचं बूड ठेवू नये, बाई. हिला सोड आता." आणि तुकडे गाडीत टाकले, बाकीच्या कंदांवर.

त्यांनी स्वतःच्या हातांनी नवा मुनवा लावला, पायानं माती दाबली. "पाणी घाल," म्हणाले. मी कळशी रिकामी केली.

संध्याकाळी हे बांबू घेऊन आले. साफ झालेली जागा बघितली, मोरीवरचा मुनवा बघितला. "आप्पांनी बांधावरचा दिला? आपल्याला?" असं दोनदा म्हणाले. त्या रात्री ते चार बट्ट्या जेवले, पुरुषांत बसून पटवाऱ्याची नक्कल केली. आगीनंतर त्यांचा मोकळा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. हात धुताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "माणसं चांगली आहेत गं आपली. मोरीवरची बघितलीस ना?"

मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले असताना मी नाल्यात गेले. तिथे चार गाड्या कंद पडले होते, एकावर एक. अर्धे जळके, अर्धे फुटके, सगळे मातीनं माखलेले आणि उन्हानं काळे पडत चाललेले. मला वाटलं होतं मी ओळखीन. एकेक उचलून बघितला, वास घेतला, नखानं खरवडून बघितला. सगळे सारखेच दिसत होते. माझ्या बापाची केळ मला ओळखता आली नाही. शेवटी त्यातल्या त्यात ओले वाटले ते चार तुकडे ओच्यात घेतले आणि आप्पांच्या गोठ्यामागे शेणखताजवळ पुरले.

अखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात. मी फोपनारला गेले. झोके बांधलेले, गाणी चाललेली, वहिनी म्हणाल्या, "झोक्यावर बसा ना, वन्सं." मी थोरल्या भावाला घेऊन मळ्यात गेले. त्याच्याशी मी बोलू शकत होते. म्हटलं, "दादा, आपली जुनी केळ कुठे राहिलीय का? बांधाला, विहिरीमागे, कुठेही?"

"ती उंच? अगं, ती काढून किती दिवस झाले. कशाला हवी?"

"मोरीवर लावायला."

"बसराई घेऊन जा ना. दहा ने, पन्नास ने. गाडी भरून देतो. तुझं घर जळलं आणि मी तुला नाही म्हणेन का?"

त्यानं खरंच गाडी भरून दिली. मी विहिरीमागे, बांधावर, गावातल्या ओळखीच्या तीन मोऱ्यांवर बघून आले. नव्हती. गावातून लग्न होऊन गेलेल्या इतर मुलींनी नेली असेल कुठे कुठे, पण त्यांच्या वडिलांची त्यांनी नेली असणार, आमची नाही.

गोठ्यामागच्या चार तुकड्यांपैकी एक कुजला. तीन फुटले. मी रोज बघत होते. महिन्याभरात पानं रुंद आणि बुंधा बसका होऊ लागला तेव्हा मला कळलं की ही आमच्या मळ्यातली बसराई आहे, पण मी पाणी घालायचं थांबवलं नाही. एकदा काकूंनी पकडलं.

"हे काय लपूनछपून लावतेस गं माझ्या गोठ्यामागे?"

तेव्हा मी सांगितलं. सुरळीपासून सगळं. एवढं सलग मी कोणाशी पहिल्यांदाच बोलले असेन. काकू शेणाच्या पाटीवर बसून राहिल्या. मग एकदम भडकल्या. "मग तोंडाला काय झालं होतं तुझ्या? दगड मारायचा होतास त्यांना! माझ्या नवऱ्याला मारला असतास तरी मी काही म्हटलं नसतं!" आणि मग त्याच रडायला लागल्या. त्यांच्या मोरीवर त्यांच्या माहेरची केळ होती, पन्नास वर्षांची. बऱ्याच वेळानं डोळे पुसून म्हणाल्या, "एक कर. त्यांना कधी सांगू नकोस. त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले, आज मी एक लेक केली."

मी नाही सांगितलं. ह्यांनाही नाही, कारण ह्यांना कळलं असतं तर ते आप्पांसमोर सरळ बघू शकले नसते, आणि आम्ही त्यांच्यात राहत होतो. मृगात सहा मळ्यांतून मुनवे आले. नवं घर झालं, कवेलूचं. आप्पांची केळ मोरीवर अशी लागली की पहिला घड दोघांनी उचलावा लागला. रीतीप्रमाणे सातही घरी एकेक फणी दिली. लोक मोरीपाशी थांबून बघत. आप्पा तर येता जाता थांबत, नुसते बघत आणि पुढे जात.

पुष्कळ वर्षांनी आप्पा अंथरुणाला खिळले. डोळे गेले होते, जेवण तुटलं होतं. काकूंनी मला बोलावणं पाठवलं, की तुझ्या मोरीवरचं केळं मागताहेत. मी पिकलेली दोन घेऊन गेले. काकूंनी त्यांना टेकून बसवलं. मी सोलून, बोटभर तुकडे करून त्यांच्या तोंडात देऊ लागले. दोन तुकडे खाऊन ते थांबले.

"कोण, सूनबाई?"

काकू म्हणाल्या, "तीच. केळं घेऊन आलीय."

आप्पा माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "तुझ्या बापाची होती, तशी झाली का गं ही?"

मी काकूंकडे बघितलं. काकू भिंतीकडे बघत होत्या. आप्पा वाट बघत होते, आणि त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मान हलवून चालणार नव्हतं.

"त्याहून गोड आहे, आप्पा," मी म्हटलं.

त्यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य आणि तेच शेवटचं. त्यांनी मान डोलावली आणि तोंड उघडलं, मी उरलेला तुकडा दिला.

घरी येऊन मी उरलेलं दुसरं केळं खाल्लं. खरंच गोड होतं. वडिलांच्या केळीची चव कशी होती ते आठवायला बसले. आंबटसर होती असं वाटतं, मधे जरा घट्ट लागायची. पण हे मला आठवतं आहे की आप्पांना खोटं बोलले नाही असं व्हावं म्हणून मीच तसं ठरवते आहे, हे मला आता सांगता येत नाही. विचारायला कोणी राहिलं नाही, आणि खाऊन बघायला ती केळही नाही.